बाबांच्या एकसष्टीचं तिकीट

२००४ चा ऑक्टोबर महिना. मी तेव्हा नववीत होतो. 'स्पेसशिपवन' नावाच्या एका चिमुकल्या यानाने एक कोटी डॉलरचं अन्सारी एक्स प्राइझ जिंकलं, ती बातमी मी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवली होती. तीन माणसं मावतील असं यान, खाजगी पैशातून बांधलेलं, आणि दोन आठवड्यांच्या आत दोनदा शंभर किलोमीटरच्या वर जाऊन सुखरूप परत आलेलं. त्याच सुमारास रिचर्ड ब्रॅन्सन यांनी जाहीर केलं होतं, की याच यानाची मोठी आवृत्ती बांधून २००७ च्या आसपास प्रवासी न्यायचे. तिकीट दोन लाख डॉलर. त्या वेळचे साधारण नव्वद लाख रुपये.

मी लगेच वहीत हिशेब मांडला. आज तीन जागा, मग आठ, मग वीस, मग पन्नास. एसटीत पन्नास माणसं बसतात म्हणून तिकीट परवडतं, टॅक्सीत चारच बसतात म्हणून परवडत नाही. तसंच हे. मी बाबांना म्हणालो, "तुमच्या एकसष्टीला मी तुम्हाला अवकाशात घेऊन जाणार. तोवर तिकीट पाच लाखांवर आलेलं असेल."

बाबा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. आयुष्यभर पत्रा, वेल्डिंग आणि टाक्या. ते हसले आणि म्हणाले, "अरे, टाकी मोठी केली की पत्राही जाड घ्यावा लागतो. एवढं लक्षात ठेव."

मी ते लक्षात ठेवलं नाही. बाबांची एकसष्टी २०१८ च्या डिसेंबरात झाली. होम झाला, तुला झाली, जेवणं झाली. योगायोग असा, की त्याच महिन्यात, १३ डिसेंबरला, ते मोठं केलेलं यान पहिल्यांदा ऐंशी किलोमीटरच्या वर गेलं. आत फक्त दोन वैमानिक होते. प्रवासी एकही नव्हता. आणि तिकीट स्वस्त व्हायच्या ऐवजी अडीच लाख डॉलरवर गेलेलं होतं.

माझा हिशेब कुठे चुकला, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. यंदा माझी भाची बारावीला आहे. तिला एरोस्पेसला जायचंय आणि तिच्या मोबाइलवर "लवकरच अवकाशप्रवास विमानाच्या भावात" असे व्हिडिओ सारखे येत असतात. तिने मला विचारलं, "मामा, यान मोठं केलं की तिकीट स्वस्त होणारच ना?" नववीतला मीच जणू समोर बसलो होतो. हा लेख तिच्यासाठी, आणि आपल्या मंडळातल्या तिच्या वयाच्या सगळ्यांसाठी.

पंगतीचा हिशेब

आधी माझ्या बाजूने जे खरं होतं ते सांगतो. गणेशोत्सवात आपण महाप्रसाद करतो. आचाऱ्याची मजुरी, मांडव, भांड्यांचं भाडं हा खर्च शंभर पानं उठली तरी तोच आणि तीनशे उठली तरी जवळजवळ तोच. म्हणून पानं वाढली की पानामागचा खर्च उतरतो.

यानातही असे खर्च असतात. वैमानिक दोनच लागतात, मग मागे दोन प्रवासी असोत की सहा. दिशा राखणारा संगणक, रेडिओ, जमिनीवरचा नियंत्रण कक्ष, धावपट्टी, हे सगळं प्रवाशांच्या संख्येबरोबर वाढत नाही. यान मोठं केलं की हा खर्च जास्त डोक्यांवर वाटला जातो. स्पेसशिपवनमध्ये एक वैमानिक आणि दोन प्रवाशांची जागा होती. त्यापासून बनवलेल्या 'स्पेसशिपटू'चा बेत दोन वैमानिक आणि सहा प्रवासी असा होता. कागदावर हा सौदा उत्तमच दिसतो.

फक्त पंगतीच्या हिशेबात एक अट लपलेली असते. तीनशे पानांचा स्वयंपाक केला आणि ऐंशीच माणसं आली, तर तोटा लहान पंगतीपेक्षा मोठा होतो. विमानांच्या जगात एअरबस ए-३८० चं हेच झालं. पाचशेहून अधिक माणसं नेणारं, प्रवाशांना आवडणारं विमान. पण एवढ्या जागा रोज, प्रत्येक फेरीला भरणं बहुतेक विमान कंपन्यांना जमेना. २०२१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. आकाराने तिकीट स्वस्त होतं, पण जागा भरल्या तरच.

बाबांचा पत्रा

आता बाबांच्या वाक्याकडे येतो. दाबाखालची टाकी घ्या. तिची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर आत आठपट माल मावतो. वरवर वाटतं, पत्र्याचं क्षेत्रफळ चौपटच वाढलं, म्हणजे निम्मा पत्रा वाचला. पण आतला दाब तोच ठेवायचा तर व्यास दुप्पट झाल्यावर पत्र्याची जाडीही दुप्पट लागते. क्षेत्रफळ चौपट, जाडी दुप्पट, म्हणजे पत्र्याचं वजन आठपट. आठपट मालाला आठपट पत्रा. बचत शून्य! बाबांनी हे कॉलेजात शिकून नाही, तर पत्र्याची बिलं पाहून सांगितलं होतं.

स्पेसशिपवनच्या इंजिनात आणखी एक अडचण होती. त्यात रबराची एक जाड नळी असते आणि तिच्या पोकळीतून नायट्रस ऑक्साइड वायू सोडतात. हाच वायू दातांचे डॉक्टर भूल देण्यासाठी वापरतात. रबर आतून बाहेरच्या दिशेने जळत जातं. रचना साधी आणि स्वस्त असल्यामुळेच बर्ट रुटन यांनी ती निवडली. पण हीच नळी सगळ्या बाजूंनी दुप्पट केली तर रबर आठपट होतं आणि जळणारा आतला पृष्ठभाग मात्र चौपटच. यानाचं वजन आठपट आणि जोर त्या प्रमाणात नाही. म्हणजे लहान इंजिनाची मोठी प्रत काढून भागत नाही. नळीचा आकार, वायूचा प्रवाह, जळण्याचा वेळ, सगळं नव्याने ठरवावं लागतं. शिवाय मोठ्या नळीत ज्वलन एकसारखं, धक्के न बसता होणं अवघड. २०१४ मध्ये रबर सोडून नायलॉनच्या जातीचं प्लॅस्टिक वापरून पाहिलं गेलं आणि नंतर पुन्हा रबराकडेच परतावं लागलं.

या प्रयत्नांची किंमत माणसांनी मोजली. जुलै २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथे नायट्रस ऑक्साइडच्या एका चाचणीत स्फोट होऊन तीन कामगार गेले. त्या दिवशी इंजिन पेटवलेलंही नव्हतं, फक्त वायूचा प्रवाह तपासत होते. ही बातमी मी बाबांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. टाकीच्या चाचणीला उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं.

३१ ऑक्टोबर २०१४ ला स्पेसशिपटू हवेतच तुटलं. सहवैमानिक मायकेल ऑल्सबरी यांचा मृत्यू झाला. दुसरे वैमानिक पॅराशूटमुळे वाचले. हा दोष आकाराचा नव्हता. परत येताना शेपूट वर वळवून वेग कमी करण्याची जी यंत्रणा होती, तिचं कुलूप ठरल्या वेळेआधी उघडलं गेलं. चौकशीत मात्र आणखी एक गोष्ट नोंदली गेली. एका माणसाच्या एका चुकीने सगळं यान जाऊ शकतं, हे रचनेत गृहीत धरून त्यावर उपाय केलेला नव्हता. दोन कसलेले चाचणी-वैमानिक असतील तर हे कदाचित खपून जाईल. मागे तिकीट काढलेली सहा माणसं बसणार असतील तर नाही.

बारा उड्डाणं

११ जुलै २०२१, रविवार. त्या रात्री आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर होते. ब्रॅन्सन स्वतः निघाले होते आणि त्यांच्यासोबत गुंटूरमध्ये जन्मलेल्या शिरीषा बांदला होत्या. आईने टाळ्या वाजवल्या. पुढच्याच महिन्यात तिकीट साडेचार लाख डॉलर झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे तेव्हाचे सव्वातीन कोटींच्या वर रुपये. दर सतरा वर्षांत दुपटीहून जास्त झाला होता.

प्रवाशांची व्यावसायिक उड्डाणं जून २०२३ मध्ये सुरू झाली आणि जून २०२४ मध्ये त्या यानाला निवृत्त केलं गेलं. त्या यानाने आयुष्यभरात एकूण बारा अवकाश-उड्डाणं केली. सहा प्रवाशांचा बेत होता, पण प्रत्यक्षात मागच्या केबिनमध्ये चौघंच बसत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यान साधारण महिन्यातून एकदाच उडत असे.

इथे माझी चूक मला दिसली. मी जागा मोजत होतो, फेऱ्या मोजल्याच नव्हत्या. पन्नास आसनांची एसटी महिन्यातून एकदाच सुटली, तर तिचंही तिकीट कुणाला परवडणार नाही. कंपनीलाही हे कळलं असावं. त्यांनी पुढच्या 'डेल्टा' यानांसाठी प्रवासी सहाच ठेवले आणि उद्दिष्ट ठरवलं ते महिन्याला आठपर्यंत उड्डाणांचं. आकार जवळजवळ तोच, बदल फेऱ्यांमध्ये.

माझ्या सॉफ्टवेअरच्या कामातही हा धडा मी उशिरा शिकलो. आमच्या एका प्रणालीत दर रात्री एक छोटं काम कुणीतरी हाताने करत असे. शंभर ग्राहक होते तोवर ते चाललं. ग्राहक वाढले, आम्ही मोठे सर्व्हर घेतले, तरी सगळं अडलं, कारण ते हाताचं काम तसंच राहिलं होतं. यानाचंही तसंच आहे. दोन उड्डाणांच्या मध्ये माणसांच्या हातून जे तपासावं, बदलावं, जोडावं लागतं, तिथे खरी रांग लागते.

शंभर किलोमीटर आणि कक्षा

भाचीला मी आणखी एक फरक समजावला, कारण व्हिडिओंमध्ये तो नेहमी गाळलेला असतो. वर जाऊन लगेच खाली येणं वेगळं आणि पृथ्वीभोवती फिरत राहणं वेगळं. पहिल्यात वेग सेकंदाला साधारण एक किलोमीटर लागतो, दुसऱ्यात जवळजवळ आठ. ऊर्जा तर तीसपटीच्या आसपास लागते. म्हणून पहिल्या प्रकारच्या यानाला मोठं करत करत दुसऱ्या प्रकारचं यान बनवता येत नाही.

या दुसऱ्या सहलीचं पहिलं तिकीट डेनिस टिटो यांनी काढलं. एप्रिल २००१ मध्ये ते सोयुझमधून अंतराळ स्थानकावर गेले. त्यांनी दोन कोटी डॉलर मोजल्याचं सांगितलं जातं. २०२२ मध्ये एक्सियम कंपनीच्या पहिल्या खाजगी मोहिमेत एका जागेचा दर साडेपाच कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या.

इतकं महाग का? फाल्कन-९ अग्निबाण उड्डाणाच्या वेळी सुमारे साडेपाचशे टनांचा असतो आणि ड्रॅगन यानातून माणसं नेतो चार. म्हणजे माणशी १३५ टनांहून जास्त. जुनं बोइंग ७४७-४०० पूर्ण भरून चारशे टनांच्या आत असतं आणि चारशेच्या आसपास माणसं नेतं. म्हणजे माणशी एक टन. ड्रॅगन तर मुळात सात जणांसाठी आखलेलं होतं. परत उतरतानाच्या धक्क्यात माणसाला इजा होऊ नये म्हणून नासाच्या अटींप्रमाणे खुर्च्यांचा कोन बदलला आणि जागा चारच उरल्या. माणूस म्हणजे सामानाचं खोकं नव्हे, की आणखी एक रचलं.

गंमत म्हणजे इंधन महाग नाहीच. इलॉन मस्क यांनी एकदा सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे फाल्कन-९ च्या किमतीत इंधनाचा वाटा एक टक्कासुद्धा भरत नाही. पैसा जातो तो यंत्र बांधण्यात. म्हणून तोच अग्निबाण पुन्हा पुन्हा वापरणं हा मोठा उपाय ठरला. फाल्कनचे काही खालचे टप्पे तीसहून अधिक वेळा उडाले आहेत. पण वरचा टप्पा अजूनही प्रत्येक वेळी जातोच.

मोठं, परत येणारं, तरीही महाग

"मग मोठंही करायचं आणि पूर्ण परतही आणायचं. झालं की!" भाची म्हणाली.

हा प्रयोग एकदा होऊन गेलाय. अमेरिकेचं स्पेस शटल आकाराने विमानाएवढं होतं, एका फेरीत सात-आठ माणसं न्यायचं आणि परत यायचं. वर्षाला डझनावारी उड्डाणं होतील, म्हणून ते स्वस्त पडेल, असं सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात एका वर्षातली सर्वाधिक उड्डाणं झाली १९८५ मध्ये, नऊ. उष्णतेपासून वाचवणाऱ्या हजारो फरशा प्रत्येक वेळी तपासाव्या लागत, इंजिनं उतरवून पाहावी लागत. तीस वर्षांत १३५ उड्डाणं झाली आणि दोन अपघातांत चौदा माणसं गेली. त्यांत कल्पना चावला होत्या. शटल परत यायचं, पण परत आल्यावर लगेच निघू शकायचं नाही.

आता स्टारशिप आहे. व्यास ९ मीटर, उंची १२० मीटरच्या आसपास, इंधनासह वजन सुमारे पाच हजार टन. त्यातून शंभर माणसं जातील असं मस्क बोलून दाखवतात. समजा गेली, तर माणशी पन्नास टन. ड्रॅगनपेक्षा खूप बरं, विमानापेक्षा खूप वाईट. हे यान स्टेनलेस स्टीलच्या कड्या एकावर एक वेल्ड करून बनवतात. बाबांना मी त्याचे व्हिडिओ दाखवले आणि सांगितलं, पत्रा साधारण ४ मिलिमीटरचा आहे. त्यांनी चष्मा वर केला. "९ मीटर व्यासाला ४ मिलिमीटर? वेल्डरचे हात कसे असतील रे!" मग तासभर ते फक्त जोडच पाहत होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टारशिपचा प्रचंड खालचा टप्पा मनोऱ्याच्या लोखंडी हातांनी अलगद झेलला गेला. ते दृश्य खरंच थक्क करणारं होतं. पण स्टारशिपच्या चाचण्यांमध्ये स्फोटही बरेच झाले आहेत. शिवाय ड्रॅगनमध्ये संकटाच्या वेळी प्रवाशांची कुपी अग्निबाणापासून वेगळी होऊन दूर जाऊ शकते. शंभर माणसांच्या स्टारशिपमध्ये तशी वेगळी सोय नाही. यान स्वतःच इतकं भरवशाचं व्हावं लागेल, की तिची गरज पडू नये. यातून चंद्राला फेरी मारण्यासाठी जपानी उद्योजक युसाकू माएझावा यांनी २०१८ मध्ये जाहीर केलेली सहल जून २०२४ मध्ये रद्द झाली. यान केव्हा तयार होईल याचा भरवसा नव्हता.

इथे मला जंबो जेट आठवतं. ७४७ ची प्रवासी सेवा १९७० मध्ये सुरू झाली. पण त्याआधी बोइंग ७०७ सारखी लहान जेट विमानं अकरा-बारा वर्षं जगभर रोज उडत होती. त्याहीआधी कॉमेट या पहिल्या जेट प्रवासी विमानाला भीषण अपघात झाले आणि धातूला थकवा येतो हे सगळ्यांना कळलं. इंजिनं, देखभाल, विमानतळ, वैमानिकांचं शिक्षण, सगळं घोटून घोटून बसलं आणि मग विमान मोठं झालं. आज जगात रोज एक कोटीहून जास्त लोक विमानाने प्रवास करतात. अवकाशात मात्र आजवर हजार माणसंही गेलेली नाहीत. अवकाशप्रवासाचं ७०७ अजून उडायचं आहे आणि आपण जंबोच्या तिकिटाची चौकशी करतोय.

विचारायचे तीन प्रश्न

भाचीला मी सांगितलं, की स्वस्त अवकाशसहलीची बातमी आली की तीन प्रश्न विचार.

पहिला: यात किती माणसं बसतात हे नंतर, तेच यान उतरल्यावर किती दिवसांत पुन्हा उडतं आणि आजवर किती वेळा उडलंय?

दुसरा: एवढ्या जागा दर फेरीला भरतील इतके प्रवासी त्या दरात आहेत का?

तिसरा: मध्येच काही बिघडलं तर आतल्या माणसांचं काय? अमेरिकेच्या कायद्यानुसार अशा प्रवाशाला धोक्याची लेखी माहिती देऊन त्याची संमती घ्यावी लागते. सरकार त्या यानाला विमानासारखं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र देत नाही. म्हणजे तिकीट काढणारा अजून अर्धा प्रवासी आणि अर्धा प्रयोगातला भागीदार आहे.

तिने प्रश्न लिहून घेतले आणि थोड्या हिरमुसल्या आवाजात विचारलं, "म्हणजे होणारच नाही का?"

होईल, असं मला वाटतं. पण ते काम मोठ्या यानाचं चित्र काढणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसांच्या हातून होईल. एक फरशी तपासायला लागणारा तास पाच मिनिटांवर आणणारी, शंभराव्या उड्डाणालाही न चिकटणारी झडप बनवणारी, वेल्डमधली केसाएवढी भेग यानाने स्वतःच ओळखावी असं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं हे करतील. एरोस्पेसला जायचं तर हे काम करायची तयारी ठेवून जावं. त्यात प्रसिद्धी कमी आहे, पण तिकिटाचा दर तिथेच ठरतो.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत ऐकत होते. आता ते अडुसष्टीत आहेत. मी म्हटलं, "बाबा, एकसष्टीचं जमलं नाही. अमृतमहोत्सवाचंही कठीणच दिसतंय."

"मला नको ते तिकीट," बाबा म्हणाले. मग नातीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या कॉलेजात वेल्डिंगचं वर्कशॉप असतं का गं? नसलं तर सुट्टीत माझ्याकडे ये. निदान पत्रा ओळखायला शिकवतो."

पुढच्या रविवारी दोघं मकरपुऱ्याला बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या शेडमध्ये जाणार आहेत. मलाही बोलावलंय.